नाडी साठ हवी

तायडेकाकू लॅपटॉपच्या पोटाला तळहात लावून त्याचा ताप बघतात. अगदी डोळे मिटून, ओठ आवळून. मग माझ्याकडे वळून गंभीरपणे सांगतात, "अंग तापलंय गं. आज याला जास्त पळवायचं नाही."

घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं दार माझ्या दारासमोर. मूळच्या अकोल्याकडच्या. सगळी नोकरी एका हॉस्पिटलात नर्स म्हणून झाली. रिटायर झाल्या, पण वॉर्ड काही अंगातून गेला नाही. घरात दोघंच. तायडेकाकांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून ते खिडकीशी खुर्चीत बसून असतात, बोलतात अगदी थोडं. मुलगा निखिल बंगलोरला. त्याचं शाळेतल्या दिवसांतलं गेमचं मशीन मध्यंतरी कायमचं बंद पडलं, तेव्हा त्याने त्यातला गाड्यांच्या शर्यतीचा गेम आईच्या लॅपटॉपवर बसवून दिला. सोबत एक एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपला त्या जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम. लॅपटॉपने सोंग घेतलं, पण गाडी मधेच अडखळायला लागली.

अडखळते म्हणजे काय, हे काकूंनी मला बसवून शिकवलं. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं सरकली की गाडी सुरळीत पळते. कमी सरकली की ठेचकाळते. तो आकडा कोपऱ्यात दिसत राहतो. त्याला जाणकार लोक फ्रेम रेट म्हणतात. काकू नाडी म्हणतात.

"नाडी चाळीसवर आली, पाह्यलंस? बरोब्बर वळणावर पडते. काहून पडते बाप्पा?"

मला काही दिसायचं नाही. मी आपली "हो ना" म्हणायचे.

पहिला संशय माझ्या मिक्सरवर. मी चटणी वाटायला घेतली की गाडी अडखळते, असं त्यांचं म्हणणं. मग दोन्ही घरांची दारं उघडी टाकून तपासणी झाली. काकू त्यांच्या हॉलमधून ओरडायच्या, "लाव! बंद! परत लाव!" आणि मी रिकामा मिक्सर फिरवत उभी. खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन बघून गेले. शेवटी मिक्सर निर्दोष सुटला.

मग लॅपटॉपमध्ये मागे गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रामांवर त्यांची नजर गेली. अँटिव्हायरस, अपडेट, फोटो चढवणारं काहीतरी. "हे बघ, पेशंटच्या उशाशी किती नातेवाईक जमलेत! याला श्वास घ्यायला जागा आहे का?" आणि एकेकाला बाहेर काढताना स्वतःशीच, "चला, भेटायची वेळ संपली. तुम्ही पण. हो, तुम्ही पण." नाडी थोडी सुधारली.

पुढे कळलं की बॅटरी वाचवण्याची सोय चालू राहिलीय. "उपाशी पळवत होतो गं आपण याला!" काकूंना खरंच वाईट वाटलं. मग तापाचं कारण सापडलं: लॅपटॉप गोधडीवर ठेवलेला, हवा आत जायची वाटच बंद. काकू तडक साकीनाक्याला गेल्या आणि कुठल्याशा वर्कशॉपमधून पत्र्याचा स्टँड बनवून घेऊन आल्या, खाली दोन पंखे बसवलेला. तो सुरू झाला की घरात पिठाची गिरणी लागल्यासारखं वाटतं. ताप उतरला. गाडी मात्र वळणावर अडखळायची ती अडखळायचीच.

एक गोष्ट मानायला हवी. काकू एका वेळी एकच सेटिंग बदलायच्या. मी उत्साहाने म्हणायचे, "काकू, चित्र पण बारीक करू या ना, आणि ते सावल्यांचं पण बंद करू या."

"दोन औषधं एकदम दिली, तर गुण कशाचा आला ते कसं कळणार?" त्या माझा हात बाजूला सारायच्या.

निखिल फोनवर म्हणाला, "आई, नवा लॅपटॉप पाठवतो ना. कशाला डोकं लावतेस?"

"बरा होत नाही म्हणून पेशंट बदलायचा नसतो," असं म्हणून काकूंनी फोन ठेवून दिला.

मलाच राहवेना. आमच्या ऑफिसातले कंप्युटर बघणाऱ्या रफिकला मी सगळी केस सांगितली. तो हसला. "दीदी, स्क्रीन वर-खाली अर्धी-अर्धी दिसते का?"

"दिसते ना. गेमच तसा आहे."

"तसा नाय ओ. दोघांचा खेळ लावलाय. दोन खेळाडू म्हटल्यावर सगळं चित्र दोनदा काढायचं, जुना लॅपटॉप बिचारा दमणारच. एकट्याचा लावा, झकास पळेल."

इतकं सोपं! दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारीच मी काकूंकडे धावले. दार नेहमीसारखं उघडं. "काकू, रोग सापडला! दोघांचा खेळ लावलाय तुम्ही. एकट्याचा लावा, झालं!"

काकूंनी पडद्यावरून नजर हलवली नाही. "माहीत आहे मला. निखिलनं पहिल्याच फोनमध्ये सांगितलं होतं."

"मग एवढी खटपट कशाला?"

"तेवढं सोडून दुसरं काही करता येतं का, ते बघत होते."

तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. खिडकीजवळची खुर्ची आज टीव्हीसमोर ओढलेली होती. लॅपटॉपचं चित्र टीव्हीवर लावलेलं. काकांच्या मांडीवर उशी, उशीवर गेमचं रिमोट, त्यावर त्यांचा डावा हात. उजवा हात काकूंनी आधाराला धरून ठेवला होता, आणि स्वतःचं रिमोट एकाच हाताने चालवत होत्या. खालच्या अर्ध्या पडद्यावर काकांची गाडी भिंतीला नाक लावून उभी होती. ती मागे आली, वळली, पुन्हा भिंतीला भिडली. काकांच्या कपाळावर घाम होता, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली ईर्ष्या.

वरच्या अर्ध्यात काकूंची गाडी शेवटच्या रेषेच्या जरा अलीकडे थांबलेली. बाकीच्या गाड्या केव्हाच रेषा ओलांडून गेल्या होत्या.

"थांब," काका म्हणाले. शब्द जड, पण स्वच्छ.

"थांबलेय ना. डावीकडे घ्या. हां, अजून थोडं." काकूंनी त्यांच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला. "या सावकाश. मी इथंच आहे."