लिंगाप्पांनी दाखवलेलं गाव

लग्न होऊन सासरी आले तेव्हा मला उंबरठ्याच्या आधी आड दाखवला गेला. मुंडावळ्या तशाच, नवी जोडवी टोचताहेत, दारात माप भरून ठेवलेलं, आणि एक उंच, काटकुळे गृहस्थ पुढं होऊन म्हणाले, "माप काय पळून जात न्हाय. पोरीला आधी पाणी दावू." सगळी वरात मुकाट्यानं आडाकडं वळली. त्यांनी स्वतः पोहरा ओढला, माझ्या ओंजळीत पाणी ओतलं आणि वाकून माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, "नोडी. सोलापूरला हाय का असलं?"

हे माझे चुलत सासरे, लिंगाप्पा. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा. नोडी म्हणजे कानडीत 'बघा'. आमचं गाव मुरुम या बाजारगावाच्या अलीकडं, तिथं माणसं कानडीत भांडतात आणि मराठीत समेट करतात. आप्पांना दोन्ही भाषा चांगल्या येत होत्या, पण तोंडात सदा हा एकच शब्द.

खोटं कशाला बोलू, मला गाव आवडलं नव्हतं. मी सोलापूरच्या पेठेत वाढलेली. इथं निजामाचा अंमल, धुळीचा रस्ता, आठवड्यातून एकदा बाजार. चौथ्या दिवशी मी आमच्या ह्यांना विचारलं, इथं बघण्यासारखं आहे तरी काय? ते कसनुसं हसले. पण भिंतीपलीकडं आप्पा होते, त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून दारात हजर.

त्यांची फेरी ठरलेली असे. आधी आडाचं पाणी, कारण त्यात डाळ चटकन शिजते. मग रानातली काळी माती, ती मुठीत घेऊन हुंगावी लागे. मग महादेवाच्या देवळामागचा तळ्याचा बांध, तिथं भर उन्हाळ्यात वारा असतो. आणि शेवटी सखूआत्या. ही म्हातारी ऐंशीच्या घरात होती आणि बिनचष्म्यानं सुईत दोरा ओवायची. गावाच्या हवापाण्याचा हा आप्पांचा पुरावा. पाहुणा आला की बिचारीला हातातलं काम टाकून दोरा ओवावा लागे. "मरताना बी हा मेला सुई घेऊन येईल," ती म्हणायची, पण ओवायची.

मुरुमची मोटार आमच्या फाट्यावर थांबत असे. फाटा दीड कोस लांब. आप्पा दर मोटारीला तिथं पायी जाऊन उभे. कासार उतरो, सोयरिकीला आलेला कोणी उतरो, नाव विचारायच्या आत हे मनगट धरत. बैलगाडीत मात्र ते कधी बसत नसत, घरी दोन गाड्या असूनही.

आणखी एक गंमत. फाट्याच्या त्या उघड्या रस्त्यावर अकरा कडुनिंब होते. पंचक्रोशीत तेवढीच सावली. पाहुणे आपणहून म्हणायचे, झाडं काय झकास आहेत! पण आप्पा तिथं नोडी म्हणत नसत. "चला, ऊन चढतंय," म्हणून उलट पाय उचलायचे. मला वाटायचं, झाडं सरकारी असतील, म्हणून त्यांना मिरवता येत नाहीत.

मला दिवस गेले आणि आप्पांच्या अंगात वारं शिरलं. मला आई नव्हती, त्यामुळं बाळंतपण सासरीच होणार होतं. गावात ना डॉक्टर, ना चांगली सुईण. आप्पा सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, पोरीचे दिवस भरायच्या आत गावात डॉक्टर आणून बसवतो. न्हाय आणला तर नाव लावणार न्हाय." सासूबाईंनी हात जोडले, माझ्याकडं बघून नव्हे, देवाकडं बघून. याआधी आप्पांनी एक वैद्य आणि एक कंपाउंडर गाव दाखवायला आणले होते. वैद्य पाणी पिऊन गेला आणि कंपाउंडर माती हुंगून शिंकत गेला.

पण आप्पा हटणारे नव्हते. मुरुमच्या बाजारात त्यांना गुलबर्ग्याकडचा एक तरुण डॉक्टर भेटला. तो दवाखान्यासाठी जागा शोधत होता, लोहाऱ्याला जायचं त्याचं जवळजवळ ठरलं होतं. आप्पा म्हणे सुनेचं बाळंतपण सांगत तासभर त्याचा हात धरून उभे राहिले. सुटका व्हावी म्हणून तो म्हणाला, बरं, गुरुवारी येऊन गाव बघतो. मागच्या दोन फजित्यांवरून लोक हसले होते, म्हणून आप्पांनी घरात चकार शब्द काढला नाही. चूक झाली ती तिथं.

आता आमच्या गावाची रीत सांगते. लढाईचे दिवस, सरकारी माणसं लेव्हीचं धान्य सक्तीनं घ्यायची. वर साहेब दौऱ्यावर आला की गाड्या वेठीला धरायचे. म्हणून हॅटवाला दिसला रे दिसला की अर्ध्या घटकेत गाव भिकेला लागायचं. ज्वारी पेवात, कोंबड्या डालग्याखाली, धट्टेकट्टे बैल रानात. गाड्यांची चाकं काढून कडब्याच्या गंजीत लपवायची. बायका फाटकी लुगडी नेसायच्या आणि पुरुष घोंगडी घेऊन कण्हायला बसायचे. सगळ्यांना आपापलं काम पाठ होतं.

गुरुवारी सकाळी गुराख्यानं माळावरून आरोळी दिली: हॅटवाला येतोय, आप्पाला धरलंय! आप्पांनी त्याला धरलं असेल असं कुणाच्याही मनात आलं नाही. मी स्वतः पितळेची भांडी शेणाच्या गोवऱ्यांत पुरली आणि सासूबाईंचं ठिगळाचं लुगडं नेसून बसले. कबूल करते, मला मजा वाटत होती.

आप्पा डॉक्टरांना घेऊन वेशीत आले. आडावर दोर नाही, पोहरा नाही. कट्ट्यावर दहाजण कण्हताहेत. आप्पांचा चेहरा मी दाराच्या फटीतून बघितला आणि माझी मजा तिथंच संपली. तरी गडी डगमगला नाही. थेट सखूआत्याकडं गेले, हातात सुई दिली. "आत्या, ओव." ती चाचपडत म्हणाली, "सुई कुठाय रं? मला दिसंना झालंय."

डॉक्टर भला माणूस. त्यांना सगळं खरंच वाटलं. त्यांनी आत्याच्या पापण्या उलटून बघितल्या, मग मल्लाप्पाच्या छातीला नळी लावली. मल्लाप्पा गावातला पहिला पैलवान. त्याला गुदगुल्या झाल्या. आधी खोकल्यात दाबलं, मग काही आवरेना, घोंगडी टाकून खो खो हसत सुटला. कट्टाच्या कट्टा हसायला लागला. डॉक्टरांनी शांतपणे नळी गुंडाळली आणि म्हणाले, "आप्पा, तुमच्या गावाला डॉक्टर कशाला? तुम्ही नाटक मंडळी काढा."

ते डॉक्टर आहेत हे गावाला तेव्हा कळलं. मग काय, सगळे पाया पडायला धावले, पण त्यांनी बॅग उचलली होती. निदान गाडीनं फाट्यावर सोडावं म्हटलं, तर एकाही गाडीला चाक नाही. कुणाचं चाक कुठल्या गंजीत यावरून भांडण लागलं, तेही कानडीत. शेवटी चैत्राच्या भर दुपारी डॉक्टर पायीच निघाले. मागं आप्पा, आणि बॅग घेऊन आमचे हे. पुढचं ह्यांनी मला सांगितलं.

डॉक्टरांना नवे बूट चावत होते. पाचव्या कडुनिंबाखाली ते मटकन बसले. टोपी काढून वर बघत राहिले. मग म्हणाले, झाडं कोणी लावली? आप्पा दुसरीकडं बघत होते, म्हणून ह्यांनीच सांगितलं की आप्पांनी लावली. कावडीनं पाणी घालून वीस वर्षांत एवढी जगवली.

डॉक्टर म्हणाले, "सकाळपासून माती, पाणी, म्हातारी, सगळ्याचं कौतुक सांगितलंत. हे का नाही दाखवलं?"

आप्पा रस्त्याकडं तोंड करूनच बोलले. "मंडळीला कळा सुरू झाल्या. सुईण मुरुमला. गाडी जुंपली, असलंच ऊन. हितवर आल्यावर म्हणाली, जरा सावली बघून गाडी उभी करा." मग उपरण्यानं घाम पुसला. "साहेब, फाट्यापतुर सावलीच नव्हती. म्या नुसता बैल हाकत राहिलो."

काकू वाटेत गेल्या एवढंच ह्यांना माहीत होतं. त्या काय म्हणाल्या ते आप्पांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. वीस वर्षं त्या रस्त्यानं रोज जात होते, आणि मी म्हणत होते झाडं सरकारी. अजून लाज वाटते मला.

डॉक्टरांनी बूट परत पायात घातले. नाड्या बांधता बांधता विचारलं, "सूनबाईंचे दिवस कधी भरतात?"

"भादव्यात," आप्पा म्हणाले.

पुढच्या गुरुवारी सामान घेऊन येतो असं सांगून ते मोटारीत बसले. गावात कुणाचाही विश्वास बसला नाही, माझाही नाही. आप्पा मात्र बुधवारी दारोदार फिरले आणि गुरुवारी चाकं लावलेल्या सात गाड्या फाट्यावर उभ्या राहिल्या. डॉक्टर बायको आणि तीन ट्रंका घेऊन उतरले. वेशीतच सखूआत्या उभी होती, तिनं न सांगता दोरा ओवून दाखवला.

भादव्यात मी दीड दिवस अडले. मुरुमला नेलं असतं तर मी वाटेतच गेले असते, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मुलगी झाली. बारशाच्या दिवशी आप्पांनी तिला सगळं गाव दाखवलं, आडाच्या पाण्याचं बोटसुद्धा चाटवलं.

सव्वा महिन्यानं तिला घेऊन आम्ही मुरुमला देवाला निघालो. हे गाडी जुंपत होते, आणि आप्पा चढून माझ्यासमोर बसले. पाचव्या कडुनिंबाशी आल्यावर म्हणाले, "गाडी उभी कर."

आभाळ भरलेलं, ऊन कुठं नव्हतंच. ह्यांनी मागं वळून बघितलं आणि कासरा ओढला. आप्पांनी माझ्या मांडीवरून पोर उचलली, दोन्ही हातांनी फांद्यांखाली धरली आणि म्हणाले, "नोडी."

पोरगी गाढ झोपली होती. ती जागी होईपर्यंत गाडी तिथंच उभी होती.