अळूच्या वाफ्यात उतरलेली तबकडी

जयंती गेल्याचा फोन आला तेव्हा अनंत दिघे गच्चीवर तुरीच्या डाळीचा दाणा बोटांत चेपून बघत होते. नोव्हेंबरचं ऊन होतं, दुपारचा दीड वाजला होता. सकाळीच जयंतीने हॉस्पिटलातून फर्मान काढलं होतं, "अहो, इथलं वरण म्हणजे नुसतं हळदीचं पाणी! घरचं आणा. आपल्या सूर्यचुलीवरचं. बाराला डाळ लावा, दीडला उतरवा. आणि उतरवल्यावर छत्रीला दोर बांधा. विसराल हं!"

दिघ्यांनी बाराला डाळ लावली, दीडला उतरवली. एका हातात दोर घेतला, दुसऱ्याने दाणा चेपला, आणि फोन वाजला.

डाळ अगदी मऊ शिजली होती.

दोर तिथेच पडला. त्या दिवसानंतर दिघे गच्चीवर गेले नाहीत. डाळीचं भांडं घरात काम करणाऱ्या नंदाने खाली आणलं आणि घासून टाकलं.

ही छत्री म्हणजे काय, ते सांगायला हवं. आरशासारख्या चकचकीत पत्र्याची खोल थाळी, साडेतीन फूट रुंद, खाली तीन बुटके पाय. मधे काळं भांडं अडकवायचं, ऊन आपोआप भांड्यावर गोळा होतं. जयंतीने ती एका प्रदर्शनातून आणली तेव्हा दिघे खूप हसले होते. मग मुलुंड पूर्वेच्या त्या चार मजली बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराने तिच्यावरचा शिरा खाल्ला आणि हसणारे एकटे दिघेच उरले.

आता दिघ्यांविषयी. एकतीस वर्षं एका प्रयोगशाळेत तपासनीस. निवृत्तीनंतर उपनगरातल्या विज्ञान मंडळाचे तपास-प्रमुख. "कुणी उडती तबकडी बघितली की मला फोन करा. संध्याकाळपर्यंत खाली उतरवतो!" असं ते छाती काढून सांगत, आणि ते खरंही होतं. आजवर सात तबकड्या त्यांनी उतरवल्या होत्या. घाटकोपरची निघाली पाण्याच्या टाकीचं झाकण. मालाडची निघाली कुणाच्या लग्नातला चंदेरी फुगा. या अनुभवातून त्यांनी मंडळासाठी एक छापील तक्ता केला होता. त्यातला पहिलाच प्रश्न ठळक अक्षरांत होता: 'दोनशे पावलांच्या आतल्या सर्व गच्च्या स्वतः चढून पाहिल्या काय? हो / नाही.'

"नव्वद टक्के परग्रह गच्चीवर असतो!" हे त्यांचं लाडकं वाक्य. जयंतीला ते पाठ होतं. पाहुण्यांसमोर दिघ्यांनी तोंड उघडलं की स्वयंपाकघरातून तीच आधी म्हणायची.

तर यंदाच्या मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस आला. त्या दिवशी मुंबईत भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गायब होते. दिघे मैदानात काठी रोवून पंधरा-वीस लोकांना ते दाखवत होते. बारा पस्तीसला सावली गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात वावटळ उठली, सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ गेली आणि दिघ्यांचा फोन वाजला. पलीकडे सोसायटीचे सेक्रेटरी, तीस वर्षांचे दोस्त अंबादास कुलथे.

"अनंता! तबकडी! आपल्या मागच्या अंगणात! माझ्या अळूत उतरली रे! लेंगा जाळला!"

"कुणाचा लेंगा?"

"माझा! दोरीवरचा! तू ये, तू आधी ये!"

दिघे काठी टाकून निघाले. गुडघा कुरकुरत होता तरी सात मिनिटांत पोचले. सहा महिन्यांत ते इतके भरभर चालले नव्हते.

अंगणात कुलथे घामाघूम उभे. बाजूला त्यांची बायको रत्नप्रभा. नंदाही होती, तिचा पदर मातीने माखलेला. ओल्या अळूच्या वाफ्यात पानं चेंदामेंदा झालेली, मातीत तीन खोल खड्डे, आणि वर दोरीवर कुलथ्यांचा लेंगा. त्याच्या डाव्या पायाला रुपयाएवढं गोल भोक, कडा काळ्या. अजून धूर येत होता.

"आणि तबकडी?" दिघ्यांनी विचारलं.

कुलथ्यांनी नंदाकडे बघितलं. नंदाने जमिनीकडे बघितलं.

"उडाली," कुलथे म्हणाले.

"कुठल्या दिशेला?"

"वर."

"वर ही दिशा नाही, अंबादास!"

"मग... ठाण्याकडे!"

दिघ्यांनी खिशातून टेप काढली. तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांनी रंग आला होता. नंदाने तो बघितला आणि कुलथ्यांना कोपराने ढोसलं. कुलथे काहीतरी सांगायला तोंड उघडत होते, ते मिटलं.

तिथेच वाट लागली.

संध्याकाळपर्यंत रत्नप्रभाने व्हॉट्सॅपवर तीन खड्ड्यांचा फोटो टाकला. रात्र व्हायच्या आत तो पवईला पोचला. सकाळी अंगणात रांग! कुणी खड्ड्यांना हळद-कुंकू वाहिलं, कुणी नारळ फोडला. एका बाईने लेंग्याच्या भोकातून सूर्याचं दर्शन घेतलं. ज्याने त्याने आठवण म्हणून चेचलेलं अळू उचललं, आणि तासाभरात सगळे हात खाजवू लागले.

"किरणं!" कुणीतरी ओरडलं. "तबकडीची किरणं लागली!"

"अहो, अळू आहे ते! खाजणारच!" दिघे बोंबलत होते. "चिंच लावा चिंच!"

पण ऐकतो कोण? लोकल केबलवाल्याने कॅमेऱ्यासमोर आपला लालबुंद हात धरला आणि म्हणाला, "मुलुंडमध्ये परग्रहवासीयांचा हल्ला!" बाजारातली चिंच दुपारी संपली. कुलथ्यांचा लेंगा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोसायटीच्या ऑफिसात टांगला गेला, आणि कुलथे रोज त्याच्याखाली बसून कपाळ धरू लागले.

"अंबादास, तू एवढा कसला खचलायस? साक्षीदार आहेस तू!" दिघे म्हणाले.

"लेंगा नवीन होता रे," कुलथे म्हणाले.

दिघ्यांनी तपास मात्र पुस्तकात लिहावा असा केला. खड्ड्यांमधली अंतरं मोजली, तिन्ही सारखी. चेंदलेल्या पानांचं वर्तुळ मोजलं, साडेतीन फूट. भोक जमिनीपासून किती उंच, ते मोजलं. किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र मागून आणलं, ते गप्प बसलं. मग पहिल्या प्रश्नासाठी आजूबाजूच्या सहा बिल्डिंगांच्या गच्च्या चढले. दोन बिल्डिंगांना लिफ्ट नव्हती. एका गच्चीवर त्यांना डिशच्या अँटेना मिळाल्या, एकीवर कबुतरं, एकीवर पत्ते खेळणारे चार म्हातारे. त्यांनी दिघ्यांना पाचवा भिडू म्हणून बसवायचा प्रयत्न केला.

राहिली आपली बिल्डिंग.

दिघे चौथ्या मजल्यावर गेले. शेवटच्या बारा पायऱ्या चढले. दाराच्या कडीला हात लावला. दारामागे ऊन होतं, ते फटीतून पायावर पडलं. त्यांना तुरीच्या डाळीचा वास आला. तिथे डाळ नव्हती हे त्यांना कळत होतं, एकतीस वर्षं तपासनीस होते ते. तरी आला.

ते खाली आले. घरी टेबलाशी बसून त्यांनी पहिल्या प्रश्नापुढे 'हो'वर खूण केली.

नंदा भाकऱ्या थापत होती. तिने विचारलं, "काका, वर जाऊन आलात?"

"हो."

"काय होतं?"

"काही नाही. गच्चीवर काय असणार!"

नंदाच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. एरवी जयंतीचं नाव निघालं की दिघे उठून दुसऱ्या खोलीत जात. त्यामुळे ती पुढे बोलली नाही.

रविवारी संध्याकाळी अंगणात खुर्च्या मांडल्या. सगळी बिल्डिंग, खाजवणारे, न खाजवणारे, केबलवाला, सगळे हजर. मंडळाच्या अध्यक्षा इरावती आठल्ये घाटकोपरहून आल्या होत्या. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेल्या, जिभेला धार. दिघ्यांनी अहवाल वाचला. सोळा पानं! शेवटी खाकरून म्हणाले, "निष्कर्ष. वस्तू अज्ञात. माझ्या कारकिर्दीतली पहिली."

टाळ्या पडल्या. आणि गंमत बघा, टाळ्या वाजवणारे बिल्डिंगवाले एकमेकांकडे बघत नव्हते. सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते.

इरावतीबाई उठल्या. "दिघे, अहवाल सुंदर आहे. निष्कर्ष भिकार आहे."

"म्हणजे?"

"घटना किती वाजता घडली?"

"बारा पस्तीस."

"शून्य सावलीच्या दिवशी. ऊन सरळ खाली. साडेतीन फुटी गोल वस्तू, तीन पाय, आणि तिच्या बरोबर मध्यावर, दीड फूट वर, लेंग्याला भोक! अहो, नववीतलं पोर सांगेल. तो खोलगट आरसा आहे. कुणाच्या तरी सूर्यचुलीची थाळी वावटळीत उडून खाली आली." त्यांनी लोकांकडे बघितलं. "इथे कुणाच्या गच्चीवर सूर्यचूल आहे का?"

बिल्डिंगमध्ये सदुसष्ट माणसं. एक बोलला नाही. कुणाचा तरी हात खाजवल्याचा आवाज तेवढा आला.

दिघ्यांनी अहवालाचं शेवटचं पान पुन्हा उघडलं.

"पण पहिल्या प्रश्नाला तुम्ही 'हो' लिहिलंय," इरावतीबाई म्हणाल्या. "तुम्ही लिहिलंय म्हणजे शंकाच नाही. सगळ्या गच्च्या पाहिल्यात ना?"

केबलवाल्याने कॅमेरा पुढे केला. दिघ्यांना एक शब्द म्हणायचा होता. 'हो' म्हटलं असतं तर तबकडी ठाण्याकडे गेली असती आणि कायमची तिकडेच राहिली असती.

"नाही," दिघे म्हणाले. "एक राहिली. आमची."

"का?"

दिघ्यांनी अहवाल मिटला. ते खुर्चीत बसले.

तेव्हा कुलथे उभे राहिले. "मॅडम, पुरे! मी सांगतो. पंपाच्या खोलीत आहे ती. जयंतीवहिनींची छत्री! पहिल्यांदा मला तबकडीच वाटली, आईशप्पथ! मी याला फोन केला. मग ही नंदा धावत आली नि म्हणाली, काकूंची चूल! आता ह्याला काय सांगणार? वहिनींचं नाव काढलं की हा उठून जातो. दोघांनी मिळून उचलली नि लपवली. म्हटलं, हा आला की हळूच सांगू. तर हा टेप काढून मोजायला लागला! हसला सुद्धा, मॅडम! सहा महिन्यांनी! मग मी कसा सांगू?"

"आणि बाकीच्यांनी?" दिघ्यांनी विचारलं.

"आम्हाला भोक बघूनच कळलं होतं," रत्नप्रभावहिनी म्हणाल्या. "त्यांच्या शिऱ्याला असाच मधोमध डाग पडायचा."

"म्हणजे हळद-कुंकू, नारळ..."

"ते बाहेरचे लोक, भावजी. मी नुसता फोटो टाकला, बाकी आम्ही गप्प बसलो."

"माझा नवा लेंगा गेला, अनंता!" कुलथ्यांचा आवाज फाटला. "तरी मी बोललो नाही!"

इरावतीबाई हळूच खाली बसल्या. धार कुठे गेली कोण जाणे. केबलवाल्याने कॅमेरा बंद केला आणि चिंच आहे का विचारलं.

नंदाने पंपाच्या खोलीतून छत्री आणली. जुन्या चादरीत गुंडाळलेली. जयंती रोज संध्याकाळी हीच चादर तिच्यावर घालायची. एका बाजूला पोचा आला होता, एक पाय वाकला होता. दिघ्यांनी चादर काढली आणि वाकून आत बघितलं. आत त्यांचं डोकं खाली, हनुवटी वर. मागे कुलथे, रत्नप्रभा, सगळी बिल्डिंग उलटी टांगलेली.

"दोर बांधला नव्हता," दिघे म्हणाले. "तिने सांगितलं होतं. विसराल हं, म्हणाली होती."

"काका, फोन आला होता तेव्हा," नंदा म्हणाली.

"तरी."

कुलथ्यांनी खिशातून रुमाल काढला आणि आपलंच नाक पुसलं.

आठव्या तबकडीचा निकाल लागला. अहवालातलं शेवटचं पान दिघ्यांनी बदललं. पहिल्या प्रश्नापुढची खूण खोडून 'नाही'वर केली आणि खाली सही ठोकली. वाकलेला पाय त्यांनी हातोडीने सरळ केला. कुलथ्यांना नवा लेंगा आणून दिला, तो दोन इंच आखूड निघाला. हार्डवेअरच्या दुकानातून वीस फूट नायलॉनचा दोर आणला. दुकानदाराने विचारलं, "काय बांधायचंय?" तर म्हणाले, "चूल." दुकानदाराने दोर मुकाट्याने दिला.

छत्री आता दिघ्यांच्या बाहेरच्या खोलीत आहे, चादर घालून. येणारा-जाणारा तिला अडखळतो. दोर दारामागच्या खिळ्याला टांगलाय. पावसाळा तोंडावर आला, पावसाळा गेला, दिवाळीही झाली.

छत्री वर न्यायची आणि दोर बांधायचा, एवढं राहिलंय.