गप बसा रे, सीन आहे!

भाऊबीजेच्या दुपारी दत्तूमामांच्या खोलीत चकलीला बंदी असते. दिवाळीत चकलीला बंदी म्हटल्यावर नवा माणूस दचकतो, पण कारण साधं आहे. चकलीचा आवाज होतो आणि त्या दुपारी मामांकडे सिनेमा असतो. रव्याचा लाडू चालतो, तोही तोंड मिटून. माझ्या बायकोने एकदा नजर चुकवून कडबोळं मोडलं, तर मामांनी सिनेमा थांबवला आणि ती गिळेपर्यंत तिच्याकडे बघत बसले.

सिनेमा दरवर्षी तोच. जुना, ब्लॅक अँड व्हाइट. पूर्वी टीव्हीवर लागायचा, आता पेन ड्राइव्हवर आहे. लालबागच्या आमच्या चाळीतला दुसरा माळा त्या दिवशी मामांच्या दहा बाय बाराच्या खोलीत कोंबलेला असतो. एरवी तिथे मामा एकटेच. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्या दुपारी मात्र त्यांचा रुबाब बघावा. हातात रिमोट, खांद्यावर पंचा आणि तोंडात एकच वाक्य, ‘‘गप बसा रे, सीन आहे!’’ आता सिनेमात सगळे सीनच असतात, पण हे त्यांना सांगणार कोण?

त्यातही एक सीन खास. सिनेमातली सुमन सासरी छळ सोसत असते. भाऊबीजेला तिचा भाऊ येतो. ती मागच्या दारी त्याचा हात धरून म्हणते, ‘‘दादा, मला घेऊन चल.’’ भाऊ तिच्या डोक्यावर हात ठेवतो. ‘‘सुमन, आता हेच तुझं घर,’’ असं म्हणून छत्री उचलतो आणि मागे न बघता चालू लागतो. इथे मामांचा पंचा डोळ्यांना लागायचा. नाक शिंकरून ते म्हणायचे, ‘‘काय तो माणूस! काळजावर दगड ठेवला त्याने.’’ आम्हीही माना डोलवायचो. खरं सांगायचं तर आमचेही डोळे ओले व्हायचे.

मामांना स्वतःला एक बहीण आहे, कॉटन ग्रीनला. शालूआत्या. नवरा गेल्यापासून तीही एकटीच. मामा सकाळी तिच्याकडे जाऊन ओवाळून घेतात आणि सिनेमासाठी घाईघाईने परत येतात. तिला का आणत नाही असं विचारलं, की म्हणतात, ‘‘तिला पिक्चरचं वेड नाही.’’

यंदा माझी मुलगी मुक्ता पहिल्यांदाच सिनेमाला बसली. इतकी वर्षं ती या दुपारी मैत्रिणींकडे पळायची. भावाने छत्री उचलली, मामांनी पंचा उचलला आणि मुक्ता मोठ्याने म्हणाली, ‘‘काय नालायक भाऊ आहे!’’

मामांनी सिनेमा थांबवला. पडद्यावर भावाची पाठ तशीच राहिली.

‘‘तुला नाही कळायचं,’’ मामा म्हणाले. ‘‘तेव्हाचा काळ वेगळा होता.’’

‘‘असेल. पण ती एवढी हाताला धरून सांगतेय ना, मामा. न्यायचं की घरी!’’

‘‘घरी? अगं, दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं! आई खाटेवर, मी नुकता कामाला लागलेला. कुठे ठेवणार होतो तिला? गॅलरीत?’’

मुक्ता गोंधळली. ‘‘मामा, त्याचं तर केवढं मोठं घर आहे. पुढे झोपाळा, मागे बाग.’’

मामांनी टीव्हीकडे पाहिलं. मग आपल्या खोलीकडे पाहिलं, मोरीपासून खिडकीपर्यंत. गप बसा म्हणायचीही गरज पडली नाही.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. मामांना फोनवरचं कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. त्यांच्या वीजबिलापासून पोटाच्या तक्रारींपर्यंत सगळं माळ्याला पाठ आहे.

‘‘शालू, मी बोलतंय.’’ बहिणीशी मामा गावच्या मालवणीतच बोलतात.

‘‘अरे, सकाळी तर येऊन गेलंस. डबो इसारलंस?’’

‘‘नाय गो.’’ मामांनी रिमोट बाजूला ठेवला. ‘‘त्या दिवशी मी तुका परत सासरी नेऊन सोडूक नको होता.’’

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

‘‘इतक्या वर्षांनी पिक्चर कळलो तुका?’’ शालूआत्या म्हणाली.

कोणाला हसू आलं नाही. मामांनी पंचा तोंडावर दाबून धरला होता. मग म्हणाले, ‘‘येव तुका न्हेवक?’’

‘‘आता? अरे, माझे गुडघे! तुझे दोन जिने कोण चढतलो?’’

‘‘तू फक्त तयार ऱ्हव. वर मी न्हेतंय.’’

आमच्या चाळीला लिफ्ट नाही, खुर्ची आहे. म्हाताऱ्या माणसाला तिच्यात बसवून वर न्यायचं. चार जण उचलायला लागतात आणि एक नुसता ‘‘हळू रे!’’ म्हणायला. मामा टॅक्सीतून बहिणीला घेऊन आले, तेव्हा आम्ही चौघे खाली उभेच होतो. ‘‘हळू रे!’’ म्हणायचं काम मामांनी इतक्या जोरात केलं, की तिसऱ्या माळ्यावरची माणसंही बघायला आली. आत्याच्या मांडीवर एक पिशवी होती. तिच्यात चार साड्या आणि औषधांचा डबा.

तिला खाटेवर बसवलं. मुक्ताने तिच्यापुढे फराळाची ताटली ठेवली. आत्याने नेमकी चकलीच उचलली आणि कडकन मोडली. सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामा रिमोटशी खटपट करत होते.

सिनेमा पुन्हा मागच्या दारापासून सुरू झाला. सुमनने हात धरला. भावाने छत्री उचलली. यंदा पंचा मांडीवरच होता. मामा पुढे वाकले आणि टीव्हीवर ओरडले, ‘‘अरे, फिर मागे! मागे फिर रे!’’

शालूआत्याने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

‘‘गप बस रे,’’ ती म्हणाली. ‘‘सीन आसा.’’

मामा गप बसले.