फोडनी देली काय?

आमच्या गावचे पोलीस पाटील संपतआबा सकाळी कोणाला राम राम घालत नसत. ते घरोघरच्या अंगणाच्या काटीशी, म्हणजे कुंपणाशी, उभे राहत, नाक वर करून हवा हुंगत आणि आतल्या बाईला ओरडून विचारत, "फोडनी देली काय वं?"

नव्या माणसाला वाटे, म्हातारा न्याहारीसाठी घुटमळतोय. मलाही तसंच वाटलं होतं. जानेफळच्या बाजूला त्या गावात मी प्राथमिक शाळेवर मास्तर म्हणून रुजू झालो, आबांच्या घराला लागून असलेली खोली मिळाली आणि दुसऱ्याच सकाळी मी स्टोव्हवर पोहे परतत असताना भिंतीपलीकडून आवाज आला, "मास्तर, फोडनी देली काय?" मी मोठ्या अगत्याने म्हटलं, "या ना आबा, दोन घास खाऊन घ्या." आबा आले, पातेल्यावर वाकले, एक दीर्घ वास घेतला, "ठीक हाय" म्हणाले आणि निघून गेले. पोह्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझ्या पोह्यांचा असा अपमान त्याआधी कोणी केला नव्हता.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. वतनाच्या पाटीलक्या जाऊन सरकारने नेमलेले पोलीस पाटील नुकतेच आले होते. चोरीचा तपास, मारामारीचा पंचनामा, बेवारस जनावरं अशी त्यांना ढीगभर कामं. त्यांतच एक काम असं, की गावात साथीचा रोग दिसला तर तालुक्याला कळवायचं. आबांनी बाकीची सगळी कामं देवावर सोडली होती आणि हे एकच उराशी धरलं होतं. स्वतःच्या गोठ्यातून शेळी चोरीला गेली, तर ते त्यांना बाजारात दुसऱ्याच कोणीतरी सांगितलं.

साथीतली साथ म्हणजे देवीची. घरात कोणाच्या अंगावर फोड आले की त्याला रोग म्हणायचं नाही, पाहुणी आली म्हणायचं. दारावर कडुलिंबाचा डहाळा खोचायचा, परक्याला आत घ्यायचं नाही आणि पाहुणी जाईपर्यंत घरात फोडणी द्यायची नाही. तेलात मोहरी तडतडली की देवी कोपते, अशी समजूत. आणि मुख्य म्हणजे बाहेर कुठे बोलायचं नाही, कारण बोललं की लस टोचणारे येतात आणि पाहुणीचा अपमान होतो. मग व्हायचं काय, की तालुक्याला कळेपर्यंत पाहुणी अर्धी आळी फिरून आलेली असे.

आबांनी यावर आपल्यापुरता उपाय शोधला होता. ते घरोघरचं दार पाहत आणि चुलीचा वास घेत. "मास्तर, मानूस लपवते," ते मला सांगत, "पन चुलीले लपवता येत नाही." त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे खोल व्रण होते. कोणी टोचून घ्यायला नाही म्हटलं की ते आपलं तोंड त्याच्या तोंडाजवळ नेत आणि विचारत, "हे काय नक्षी काढली हाय काय बे?" बरीच माणसं या प्रश्नाला घाबरूनच बाही वर करत.

एकदा मात्र चुलींनीच त्यांना तोंडघशी पाडलं. एका सकाळी गावाच्या एका टोकापासून मारुतीच्या पारापर्यंत कुठूनच फोडणीचा वास येईना. आबा विचारत गेले, बायका "नाही देली" म्हणत गेल्या. का नाही दिली, हे विचारायचं आबांच्या डोक्यातच आलं नाही. ते पांढरेफटक पडले, तडक सायकलवर बसले आणि दुपारपर्यंत तालुक्याहून आरोग्य खात्याची जीप घेऊन आले. डॉक्टर, टोचणारे, औषधांच्या पेट्या असा सगळा लवाजमा. त्यांनी घरन् घर पाहिलं. माणसं ठणठणीत. शेवटी एका म्हातारीला त्यांची दया आली आणि तिने उलगडा केला. गावात तेलाचा घाणा एकच होता आणि घाण्याचा बैल पाय मुरगळून बसला होता. तेलच नाही तर फोडणी कशाची द्यायची?

डॉक्टर भला माणूस. आलोच आहोत तर, म्हणून त्यांनी बैलाचा पायही पाहिला. जीपमध्ये बसताना एवढंच म्हणाले, "आबा, पुढच्या वेळी आधी घाण्यावर जाऊन या."

त्यानंतर गावाला चांगला विषय मिळाला. आबा दिसले की कोणीतरी हळूच विचारी, "आबा, बैलाले देवी टोचली काय?" आबांवर काही परिणाम नाही. "हसा लेकहो," ते म्हणत, "पन जीप कशी भरकन आली ते पाह्यलं काय?" त्या जीपच्या वेगाचा त्यांना असा अभिमान होता, की जसं काही तिला तेच ढकलत आणत होते.

घरी आबा एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दोन्ही वेळचं ताट यायचं ते बहिणीकडून. मथुराबाई त्यांची धाकटी बहीण, विधवा. मुलगा, सून आणि बारक्या नावाचा नातू यांच्यासह दोन आळ्या पलीकडे राहायची. जिभेला धार अशी, की वाण्याचा तराजूसुद्धा तिच्यासमोर सरळ उभा राही. तिची लसूण-मिरचीची फोडणी गावात नावाजलेली होती; ताटावरचं फडकं आबांनी उचललं की भिंतीअलीकडे मला शिंक येई. आबा आधी ताट हुंगत आणि समाधानाने म्हणत, "मथीचं घर बरं हाय." मगच जेवायला बसत.

त्या वर्षी आजूबाजूच्या गावांतून देवीच्या कुजबुजी येऊ लागल्या आणि नेमका गुढीपाडवा आला. पाडव्याला आबा सकाळपासून चिडलेले होते. गुढीला लिंब, दाराला लिंब, अख्खं गाव लिंबाने नटलेलं. त्यात देवीचा लिंब ओळखायचा कसा? आणि घरोघर भजी-कुरडया तळल्या जात होत्या. वासांचा नुसता काला झाला होता. "आज माहे डोये बी गेले अन् नाक बी गेलं," म्हणत ते फेरी अर्धीच टाकून परतले. सणाचा दिवस म्हणून त्यांनी मला जेवायला बोलावलं.

मथुराबाईचं ताट आलं. आबांनी फडकं उचललं. मला शिंक आली नाही.

ताटात पांढरा भात, साधं वरण, गूळ आणि वर तुपाची ही मोठी धार. भजं नाही, कुरडई नाही, सार नाही. पाडव्याला भावाला ताट पाठवलं नाही तर गावभर होईल, आणि पाठवायचं तर त्यात फोडणी घालता येत नाही, अशा कात्रीत बाई सापडली होती. तुपाने भागेल असं तिला वाटलं असावं.

"मास्तर, वरन कसं झालं?" आबांनी विचारलं.

"चांगलं आहे की," मी म्हटलं.

"चांगलं हाय," आबा म्हणाले. "फोडनी नाही."

त्यांनी शेवटच्या शितापर्यंत ताट संपवलं, स्वतः घासलं, आणि ते हातात घेऊन बहिणीच्या घराकडे निघाले. त्यांची चाल मला ठीक वाटेना, म्हणून मीही मागोमाग गेलो. मथुराबाई दारातच उभी होती.

"दादा, आत येऊ नको. पाहुनी आली हाय."

"कोनाच्या अंगावर?"

"बारक्याच्या."

आबांनी ताट काटीवर ठेवलं. "मथे, मी जाऊन येतो."

ते कुठे जाऊन येणार हे तिला सांगायची गरज नव्हती. ती अंगणात उतरली आणि हात जोडून उभी राहिली. त्या बाईला मी कोणापुढे हात जोडताना तोवर पाहिलं नव्हतं. "दादा, पाया पडतो तुह्या. पाहुनी आपल्या पायानं जाईन. तू जीप आनशीन तं ते कोपन. माहं एकच लेकरू हाय रे."

"गावात बी लेकरं हायेत, मथे."

"मंग जा," ती म्हणाली. "पन जाशीन तं मले बहीन म्हनू नको."

मला वाटलं, हा माणूस आता परत फिरेल. आणि खरं सांगतो, फिरला असता तर मी त्याला नावं ठेवली नसती. आबांनी धोतराचा सोगा वर खोचला आणि घरी येऊन सायकल काढली.

सणामुळे कचेरी बंद होती. आबा थेट डॉक्टरांच्या घरी गेले. पुढचं मला जीपच्या ड्रायव्हरने सांगितलं. डॉक्टर जेवणावरून उठून आले आणि त्यांनी हसत विचारलं, "काय आबा, बैल की माणूस?" आबा म्हणाले, "मानूस. माह्या बहिनीचा नातू." डॉक्टरांनी हात धुतले आणि पायात चपला सरकवल्या.

दिवस मावळायच्या आत जीप मथुराबाईच्या आळीत उभी होती. माणसं वावरात पळाली, काही कडब्याच्या गंजीमागे लपली. आबा त्यांना एकेकाला शोधून आणत होते आणि आपलं तोंड दाखवत होते. दुसऱ्या दिवशी सगळं गाव टोचून झालं. त्या आळीत आणखी दोघातिघांना देवी आल्या आणि तिथेच थांबल्या. शेजारच्या एका गावाला मात्र उशिरा कळवलं गेलं होतं. तिथली स्मशानातली गर्दी आम्ही दुरून पाहत होतो.

बारक्या वाचला, पण त्याचा एक डोळा गेला.

डॉक्टरांनी मथुराबाईला समजावलं, की फोड आधीच बुबुळावर आला होता, आम्ही आलो नसतो तरी डोळा गेलाच असता. ती एवढंच म्हणाली, "जीप आली अन् डोया गेला." तिचा हिशोब तिथे संपला. आबांचं ताट बंद झालं.

आबा स्वतः चूल पेटवू लागले. त्यांचा स्वयंपाक इतका भयंकर असे, की भिंतीअलीकडे मला कधी करपल्याचा वास येई, कधी काहीच येत नसे. गावाने बैलाची चेष्टा बंद केली. आबांना तीही चुकल्यासारखी वाटत असावी. फेरी मात्र चालू होती. बहिणीच्या काटीशीही ते रोज थांबत आणि विचारत, "फोडनी देली काय वं?" आतून उत्तर येत नसे.

बारक्याला शाळेत घालायचं बोलायला मी एका सकाळी मथुराबाईकडे गेलो. ती चुलीपुढे बसली होती. कढईतल्या तेलातून धूर निघत होता आणि तिच्या मुठीत मोहरी-लसूण तसंच होतं. मी बोलत होतो, तिचं लक्ष नव्हतं.

"आत्याबाई, तेल जयून राह्यलं ना," सून म्हणाली.

"जयू दे. थांब जराशीक."

तेवढ्यात बाहेर खोकल्याचा आवाज आला. "फोडनी देली काय वं?"

मथुराबाईने मूठ उघडली. चर्रर्र झालं. बाहेर काटीशी म्हाताऱ्याने एक दीर्घ वास घेतला आणि मग तो वहाणा वाजवत पुढे गेला. कढईकडे पाहत ती मला म्हणाली, "बारक्याले पाठवतो सोमवारपासून." मी उठलो. दोघंही म्हातारी एकमेकांशी रोज बोलत होती आणि गावाला त्याचा पत्ता नव्हता.

पावसाळ्याच्या अखेरीला एका सकाळी आबांची फेरी मला ऐकू आली नाही. लवकर निघाले असतील, असं मी धरून चाललो. स्टोव्ह पेटवतोय तोच दारात मथुराबाई. हातात पळी तशीच, डोक्यावरचा पदर घसरलेला.

"मास्तर, माहा भाऊ घरातून निंगाला नाही काय?"

"निघाले असतील की."

"नाही निंगाला. माह्या दारावरून गेला नाही."

तिने आबांचं दार खांद्याने ढकललं. आबा गोधडीत गुरफटून हुडहुडत पडले होते. तिने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. "साऱ्या गावाचे ताप हुंगत फिरते अन् सोताचा ताप समजत नाही काय रे तुले? कोनाले हाक मारता येत नव्हती काय?" मग माझ्याकडे वळली. "मास्तर, पाहून काय राह्यले? दादाची सायकल घ्या अन् दवाखान्यात सांगून या. लवकर जा. जीप घेऊनच या."

मी सायकल बाहेर काढली. सीट माझ्या मानाने उंच होती; ती खाली करत असताना आत चूल पेटल्याचा आवाज आला, डबे वाजले, आणि थोड्या वेळाने चर्रर्र झालं. मला शिंक आली.

"कोन्या घरची फोडनी हाय वं?" आबांनी आतून क्षीण आवाजात विचारलं.

"तुह्याच," मथुराबाई म्हणाली. "गपचूप पड."

आबांना मोठा ठसका लागला. तो मिरचीचा होता की दुसरा कसला, हे पाहायला मी थांबलो नाही. मला लवकर पोचायचं होतं.