साठ टक्के ओलावा

कोणत्याही जीवाचं सुख त्याच्या अंगाखाली काय आहे यावर अवलंबून असतं. माणसाला हे फक्त झोपताना आठवतं, कारण एरवी तो उभा तरी असतो नाहीतर खुर्चीत तरी. सापाला ही सवलत नाही. तो जन्मभर आडवाच, त्यामुळे त्याच्या अंथरुणाचा प्रश्न हा त्याच्या एकूण जीवनमानाचा प्रश्न ठरतो. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी एकदा पोटावर सरपटत स्वयंपाकघरापर्यंत जाऊन पाहावं.

कोरडेसाहेबांना हे एका झटक्यात पटलं. (त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते आता पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं.) एका मोठ्या गोदामात ते पुठ्ठ्याच्या खोक्यांचे तपासनीस होते. पुठ्ठ्यात ओलावा शिरला की खोकं बसतं, खोकं बसलं की माल बसतो, आणि माल बसला की मालक उठतो. तेव्हा ओलावा बाहेर ठेवणं हेच साहेबांचं आयुष्यभराचं काम. यंत्राची सुई खोक्यात टोचायची, आकडा बघायचा, आणि चढा निघाला तर अख्खी गाडी परत. गाडीवाले गयावया करत, पण साहेब विरघळत नसत. विरघळायलाही मुळात ओलावा लागतो.

अशा या गृहस्थांची बायको एका सकाळी बॅग भरून धाकट्या बहिणीकडे निघाली. निघताना बाहेरच्या खोलीत थांबून म्हणाली, "या घरात ओलावाच उरलेला नाही. असता, तर राहिले असते." आणि दार ओढून घेतलं.

दुसरा एखादा नवरा तिच्यामागे जिना उतरत धावला असता, रस्त्यात हात धरला असता, आणि तक्रारीचं मूळ तसंच राहिलं असतं. साहेब असे उथळ नव्हते. त्यांना बायको परत हवी होती, अगदी जिवापासून हवी होती. घर खायला उठलं होतं. म्हणूनच त्यांनी तक्रार रीतसर विचारात घेतली. 'या घरात' म्हणजे नेमकं कोणत्या घरात? राहत्या घराची ओल त्यांनी गेल्याच वर्षी भिंती खरवडून काढून टाकली होती, आणि तेव्हा "सुटले बाई एकदाची" असं खुद्द तक्रारदारच म्हणाल्या होत्या. सबब, ते घर नव्हे. दुसरं घर कोपऱ्यात होतं, काचेचं, आणि बोलताना ती नेमकी त्याला हात टेकून उभी होती. त्यात तिचा साप राहत असे.

साप नारिंगी, बिनविषारी आणि स्वभावाने गरीब होता. मुलगा नोकरीला परगावी गेला तेव्हा तिने तो आणला. सापच कशाला, असं साहेबांनी विचारलं होतं. "मी बोलायला लागले की निदान मान वर करतो," ती म्हणाली होती. (सापाला कान नसतात, ही माहिती साहेबांनी तिला तिथल्या तिथे पुरवली होती.)

साहेबांनी काचेत डोकावून पाहिलं. सापाची कात अखंड उतरायची ती सालपटं निघाल्यासारखी तुकड्या-तुकड्यांनी निघाली होती. खाली अंथरलेल्या कागदात त्यांनी सुई टोचली, तर आकडा तीसच्याही खाली. ओलावा खरोखरच उरलेला नव्हता! साहेबांना बायकोचं मनापासून कौतुक वाटलं. इतकी नेमकी तक्रार त्यांच्याकडे आजवर एकाही गाडीवाल्याने केली नव्हती.

त्यांनी रजा टाकली. लग्नानंतर चार दिवस टाकली होती, त्यानंतर ही दुसरी. मग अंथरुणाची निवडप्रक्रिया सुरू झाली. वर्तमानपत्र बदलायला सोपं, पण भिजलं की लगदा, आणि असल्या बातम्या पोटाशी घेऊन झोपणं कुठल्याच जीवाला मानवणारं नाही. वाळू दिसायला झोकदार, पण घासाबरोबर पोटात जाते. देवदाराच्या ढलप्यांना वास सुरेख, आणि तोच वास सापाच्या छातीत बसतो. (कपड्यांच्या कपाटात चालतात, कपडे श्वास घेत नाहीत.) प्लास्टिकची हिरवी चटई फक्त पाहुण्यांना आवडते. शेवटी उरला काथ्याचा भुसा. तो पाणी धरून ठेवतो.

"पण साठ टक्क्यांवर भिजवू नका हां," पाळीव प्राण्यांचा दुकानदार म्हणाला. "पोटाला फोड येतात. कमी भिजवलंत तर कात अडकते. हात घालून बघत जा रोज."

"रोज?"

"रोज म्हणजे रोज. एकदा केलं नि सुटलो, असं नसतं ते." (दुकानदार अविवाहित होता.)

साहेबांनी हे मनावर घेतलं. एरवी घरात त्यांच्या तोंडून दिवसाला सरासरी अकरा शब्द निघत, त्यांतले चार 'चहा' हे असत. आता ते सकाळी उठल्या-उठल्या काचेत हात घालून विचारू लागले, "काय रे, गार नाही ना लागत? झोप लागली का?" गोदामातून फोन आला तर नंतर करतो म्हणत. एकदा तर साप नीट जेवला नाही म्हणून त्यांच्याही घशाखाली घास उतरला नाही. आकडा हळूहळू चढू लागला.

अशातच मेव्हणीचा फोन आला. "भाऊजी, ताई नीट जेवतसुद्धा नाहीये. तुम्ही काही करणार आहात की नाही?"

"म्हणजे काय! ओलावा आणायचंच तर चाललंय. चाळिशी पार झाली."

"चाळिशी कधीच पार झाली, भाऊजी. आता तरी सुधारा!"

"सुधारतोय ना. साठीला पोचलं की कळवतो."

"अहो, साठीपर्यंत थांबायचं तिने?"

"घाईने नाही होत गं हे. रोज थोडं-थोडं करावं लागतं. पण तिला सांग, दुसरं काही सुचत नाहीये मला."

"ताई," फोन ठेवून मेव्हणी म्हणाली, "भाऊजी पार बदललेत गं."

बायको परत आली ती बॅगेसकट. नवी साडी नेसून, जिना चढून लागलेली धाप लपवत दारात उभी राहिली. साहेबांनी तिचा हात धरला. (हा हात त्यांनी याआधी कधी धरला होता, हे दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.) तिचा चेहरा उजळला. हात धरून ते तिला थेट काचेपाशी घेऊन गेले.

"घाल, हात घाल आत. बघ! साठ टक्के!"

तिने हात घातला. भुसा मऊ होता, उबदार होता, हाताला ओलसर लागत होता. साप त्यात निवांत पसरला होता, आणि बाजूला त्याची नवी कात पडली होती, शेपटीपर्यंत अखंड.

"तूच म्हणाली होतीस ना? आता राहशील ना?" साहेबांनी विचारलं. "रोज बघावं लागतं. नुसतं पाणी मारून भागत नाही, विचारपूस करावी लागते."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. वाढलेली दाढी, नखांत अडकलेला काथ्या, जागरणाने ओढलेले डोळे.

"म्हणजे येतं तुम्हाला हे," ती म्हणाली.

मग तिने टॅक्सी बोलावली. बॅग भरलेलीच होती, त्यामुळे न्यायचं राहिलं होतं ते काचेचं घर तेवढं. ते जड होतं, म्हणून साहेबांनीच एका बाजूने उचललं आणि भुसा हलू नये म्हणून एकेक पायरी जपून उतरले. टॅक्सी गेल्यावर मात्र ते तिथेच पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. शेजारपाजारच्यांनी ते पाहिलं आणि साप फार लाडका होता वाटतं, असं म्हणून हळहळ व्यक्त केली.

वाचकहो, तुम्ही साहेबांना हसलात ते योग्यच केलंत. इतका साधा शब्द माणसाला कळू नये म्हणजे काय! फक्त एक किरकोळ चौकशी आहे. हे वाचत असताना मघाशी घरातून कुणीतरी तुम्हाला काहीतरी विचारलं, आणि तुम्ही न बघताच "हं" म्हणालात. काय विचारलं होतं?