ओफाचा ढेकर

"तू झोप जरा, ओफाला आज मी पाजतो," असं मी त्या रविवारी बायकोला, लुसेआनेला म्हणालो. त्याला चांगुलपणा म्हणा नाहीतर मूर्खपणा. (सासूबाई तिसराच शब्द वापरतात.)

ओफा पाच आठवड्यांची होती आणि या पाच आठवड्यांत लुसेआने सलग दोन तास झोपली नव्हती. आमचा पहिला मुलगा दोनच दिवस जगला होता. तेव्हापासून तिचा कशावर भरवसाच उरला नव्हता. ओफाच्या श्वासांवर ती पहारा दिल्यासारखी बसून असायची. मी आमच्या वावाऊ बेटाच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं फाडतो. लोक माझ्या हवाली डुकरं करतात, टीव्ही करतात, म्हाताऱ्या आत्या करतात, पण घरात पोर काही कुणी देत नव्हतं. सासूबाई गावातल्या जुन्या सुईण. "जावईबापू, तुमचे हात दोरखंड ओढायचे," असं म्हणून त्या बाळ माझ्या पुढ्यातून उचलून न्यायच्या.

पण त्या सकाळी त्या चर्चमध्ये गायला गेल्या होत्या, आणि लुसेआने बसल्या बसल्या पेंगत होती.

"ढेकर काढशील ना?" तिने विचारलं.

"त्यात काय आहे? आमच्या घराण्यात तेवढं एकच काम सगळ्यांना जमतं."

ती हसली नाही. "हेआमासी, थट्टा नको. काढशील?"

"काढीन."

ती आडवी झाली आणि तिथल्या तिथे झोपली.

काढून ठेवलेलं बाटलीतलं दूध ओफाने शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. मी तिला खांद्यावर घेऊन पाठ थोपटू लागलो. अगदी हळू. इतकं हळू, की तिला बहुधा पत्ताही लागला नसावा. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. तिची मान माझ्या खांद्यावर सैल पडली. झोपली! मुलींना ढेकरही सभ्यपणे, आवाज न करता येत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तिला चटईवर उताणी ठेवली.

दोन मिनिटं झाली असतील. तिच्या तोंडानाकातून दूध आलं. ती एकदा तडफडली आणि मग एकदम गप्प. डोळे उघडे, तोंड उघडं, पण श्वास नाही.

वादळात बोटी उलटताना मी पाहिल्या आहेत. तेव्हाही मी असा घाबरलो नव्हतो. मी तिला उचललं, तोंड खाली करून हातावर पालथी घेतली आणि पाठीवर थापट्या मारल्या. चौथ्या की पाचव्या थापटीला दूध खाली सांडलं आणि ती रडली. मीही रडलो.

शर्ट काढून मी तिचं तोंड पुसलं. लुसेआनेला हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारली नाही. एवढ्या दिवसांत तिने आज पहिल्यांदा निर्धास्त डोळे मिटले होते. मी ओफाला छातीशी धरलं आणि शेजारच्या चर्चकडे धावत सुटलो.

आमच्याकडे उघड्या अंगाने रस्त्यावर फिरायला कायद्यानेच बंदी आहे. मग रविवारी, तेही चर्चमध्ये? हे मला पाद्रीबुवांचा चेहरा पाहिल्यावर आठवलं.

"सासूबाई!"

गाणं मधेच थांबलं. सासूबाई चर्चसाठी कमरेला गुंडाळलेली मानाची चटई सावरत, बाकांमधल्या वाटेने आल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ओफाचे ओठ पाहिले, छातीला कान लावला.

"काय झालं?"

"ढेकर काढायच्या आधीच निजवली. श्वास अडकला होता."

"मग रडली?"

"रडली."

आता कानफटात बसणार, असं वाटून मी डोळे मिटले. त्यांनी तिथेच बाकावर बसून ओफाला मांडीवर घेतलं, हनुवटी तळव्यात धरली आणि तिची पाठ चोळू लागल्या. सगळं गाव बघत होतं. ढेकर आला. मागून कुणीतरी "आमेन" म्हणालं.

"बरी आहे. तरी नर्सला दाखवून येऊ," सासूबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "वेळेवर उचललीत, जावईबापू. आता अंगावर काहीतरी घ्या, देवही इकडेच बघतोय."

नर्सने तपासून ओफा ठणठणीत असल्याचं सांगितलं. घरी आल्यावर लुसेआनेला सगळं मीच सांगितलं. तिने ओफाला माझ्या हातातून काढून घेतलं. उमूमधलं, म्हणजे अंगणातल्या खड्ड्यात भाजलेलं, जेवण आम्ही जेवलो. आता ही पोरगी लग्नाच्या दिवशीच माझ्या हाती येणार, असं मी धरून चाललो होतो.

जेवणानंतर लुसेआनेने तिला पाजलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"घे."

"मी?"

"मांडीवर बसव. हनुवटी धर, गळा नाही. आणि जरा जोरात थोपट, काचेची नाहीये ती."

"माझे हात थरथरतात गं."

"माझेही रोज थरथरतात. थोपट."

मी थोपटू लागलो. लुसेआने माझ्या हाताकडे बघत होती, पण तिने तो धरला नाही. आणि अचानक खणखणीत, सगळ्या घराला ऐकू जाईल असा ढेकर आला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आला! लुसेआने, ऐकलास? मी काढला!"

लुसेआनेने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. तिथे तारोच्या, म्हणजे अळूसारख्या पानांतलं मटण मनसोक्त जेवून सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"थोपटत राहा," ती म्हणाली. "तो आईचा होता."