निपाणीकर अण्णांची पत्र्याची बासरी

निपाणीकर अण्णांनी एकदा मल्लेश्वरमच्या हॉटेलात इडली परत पाठवली होती. शिळी होती म्हणून नव्हे, आंबट होती म्हणूनही नव्हे. एका बाजूनं जाड आणि दुसऱ्या बाजूनं पातळ होती म्हणून. वेटर बिचारा ताटली धरून उभाच राहिला. अण्णांनी इडलीवर बोट ठेवलं आणि एकच शब्द उच्चारला, "रिजेक्ट."

हा शब्द त्यांच्या जिभेवर कायमचा वस्तीला होता. आम्ही दोघं यशवंतपूरच्या पलीकडच्या एका सरकारी कारखान्यात होतो. मी ड्रॉइंग ऑफिसात, ते इन्स्पेक्शनला. तिथं तयार झालेल्या प्रत्येक तुकड्याला 'जॉब' म्हणत, आणि प्रत्येक जॉब अण्णांच्या टेबलावरून जायचा. मापात बसला तर "पास". केसभर चुकला की लाल रंगाचा ठिपका आणि "रिजेक्ट". अधलंमधलं असेल तर "रिवर्क", म्हणजे घासूनपुसून पुन्हा आणा. हेच कायदे ते घरी आल्यावरही लावत. एकदा मी कामावर निघालो असताना त्यांनी मला अंगणात थांबवलं आणि माझ्या मिशीकडे बघत म्हणाले, "जोशी, डावी बाजू स्वल्प जास्त झालीय की. रिवर्क करून घ्या." मी तीन सकाळी रिवर्क केलं आणि चौथ्या दिवशी मिशीच काढून टाकली.

राहायलाही आम्ही एकाच वठारात होतो. वठार म्हणजे एका अंगणाभोवती भिंतीला भिंत लावून बांधलेली भाड्याची घरं. नळ मधोमध, मालकीणबाई शारदम्मा समोर, आणि कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते सगळ्यांना ठाऊक. अण्णांची बायको, जिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो, आदल्या वर्षी वारली होती. मूलबाळ नव्हतं. घरात अण्णा आणि पडवीत टांगलेल्या पिंजऱ्यातली अक्कांची मैना, एवढाच संसार उरला होता.

अशात एका रविवारी अण्णा कँटोन्मेंटात गेले. कुणी गोरं कुटुंब देश सोडून चाललं होतं आणि त्यांच्या सामानाचा लिलाव होता. अण्णा गेले होते लोखंडी शेगडा बघायला आणि घेऊन आले एक पत्र्याची बासरी. वीतभराहून थोडी लांब, तोंडाशी शिट्टीसारखी, वर सहा भोकं. पन्नाशी उलटलेल्या आणि उभ्या आयुष्यात आरतीलाही टाळी न वाजवलेल्या माणसानं हे काय आणलं, म्हणून मी बघायला गेलो. अण्णा व्हर्नियर घेऊन तिची मापं काढत बसले होते.

"हे बघा की जोशी! सहा भोकं, आणि सगळी वेगवेगळ्या मापाची! कुठल्या शहाण्यानं पास केलंय हे?"

"अण्णा, ती मुद्दामच तशी ठेवली असतील."

"तुम्ही ड्रॉइंगवाले. तुमच्या कागदावर सगळं चालतंय."

त्यांनी गोल कानस काढली आणि सगळ्यात मोठं भोक होतं त्या मापाला बाकीची भोकं आणून ठेवली. संध्याकाळपर्यंत गेज लावून पाहिलं. सहाही भोकं सारखी. अण्णांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी पहाटे रियाज सुरू झाला.

त्या पहिल्या फुंकरीचं वर्णन करणं कठीण आहे. अण्णांनी सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरावी तशी छातीभर हवा आत लोटली. जी किंकाळी निघाली तिनं नळावरचे कावळे उडाले आणि शारदम्मांचं दूध उतू गेलं. पुढं फुंकर जरा आवरली, तर बोटं ऐकेनात. भोकं मोठी झालेली आणि अण्णांची बोटं काडीसारखी, त्यामुळं प्रत्येक सुराबरोबर कडेनं वारं निसटायचं. तरी माणूस चिकाटीचा. कामावर जायच्या आधी रोज पडवीत पिंजऱ्यासमोर बसायचे आणि एकच तुकडा वाजवायचे. चार-पाच सूर वर जायचे आणि तिथंच थांबायचे. मग अण्णा बासरी खाली घेऊन मैनेकडे कान लावून बसायचे. मैना पंख खाजवायची. अण्णा पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"अण्णा, स्वल्प मेल्लगे," जरा हळू, असं शारदम्मा समोरून विनवायच्या. "सरी अम्मा, सरी," असं म्हणून अण्णा तितक्याच जोरात वाजवायचे. हळू कसं वाजवतात ते अजून यायचं होतं.

मला पेटीची थोडीफार ओळख होती. शेवटी न राहवून मी म्हटलं, "अण्णा, तो मधला सूर चढतोय."

"चढेल कसा?" ते खरोखरच चकित झाले. "भोक मापात आहे."



मग एका सकाळी बासरी वाजलीच नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. वठारानं सुटकेचा नि:श्वास टाकला. मी मात्र चौकशीला गेलो. अण्णा पिंजऱ्यासमोर तसेच बसले होते, हात मोकळे.

"काय अण्णा, रियाज बंद?"

"परवा हिनं शीळ घातली," मैनेकडे बघत ते म्हणाले.

"मग चांगलंच झालं की."

"माझी घातली, जोशी. माझ्या त्या चढ्या सुराची."

मला काही उमगेना. मग त्यांनी सांगितलं. अक्का तांदूळ निवडताना शीळ घालायच्या. बाईमाणसानं शीळ घालायची म्हणजे लोक काय म्हणतील, म्हणून घरात कुणी नसताना, हळूच. अर्धी शीळ अक्कांची आणि पुढची अर्धी, अक्कांनीच शिकवलेली, मैनेची, असा त्या दोघींचा खेळ होता. "मी कडी वाजवली की लगेच बंद. मीही ऐकलंच नाही असं दाखवायचो. पण कडी वाजवायच्या आधी तिथंच दाराबाहेर उभा राहून ऐकून घ्यायचो मी रोज." अक्का गेल्या तशी मैना गप्प झाली होती.

"मी अर्धी घालावी, तर हे बघा," अण्णांनी ओठ मागं घेतले. पुढचे दात कधीच पडले होते. "नुसतं वारं जातंय. म्हणून ती बासरी आणली. पुढचं आठवून बोलेल असं वाटलं. तर ही माझंच चुकीचं शिकून बसली. आता हे हिच्या डोक्यात बसलं की तिचं पुसून जाणार. तिचं राहिलंय ते तेवढंच." मग कोनाड्याकडे बघत ते म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. भोकं होती तशीच हवी होती."

बासरी कोनाड्यात पडली होती. तिच्यावर लाल रंगाचा ठिपका दिलेला होता.

त्यानंतर अण्णा दारोदार जाऊन सांगून आले, की वठारात कुणी शीळ घालू नये. पिंजऱ्याजवळ ते स्वतः कुजबुजत बोलत. ज्या शांततेसाठी आम्ही तळमळत होतो ती मिळाली, पण तिच्यात कुणालाच गोडी वाटली नाही.

एका सुट्टीच्या सकाळी मी अंगणात दाढी करत होतो. अण्णा कॉफीचा पेला घेऊन आपल्या दारात उभे होते. एकाएकी पिंजऱ्यातून शीळ आली. चार-पाच सूर वर चढले, त्यात मधला हमखास चढा. अण्णांचीच बासरी! अण्णांनी डोळे मिटून घेतले. माझा वस्तरा गालावरच थांबला.

पण मैना थांबली नाही. ती पुढं गेली. तिथून सूर वळले, आणि हलके हलके, जागच्या जागी बसत, खाली उतरत आले. माझी बायको हातातलं पीठ न धुताच बाहेर धावली. "अहो, ही तर अक्कांची!" ती म्हणाली. भिंतीला भिंत होती. तिनं कितीदा ऐकलं असेल, मला कधी बोलली नव्हती.

मैनेनं पुन्हा तेच केलं. पहिला अर्धा भाग अण्णांचा, पुढचा अर्धा अक्कांचा. अण्णा पेला धरून ऐकत राहिले. कॉफीवर साय आली.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "अण्णा, मधला सूर अजून चढाच आहे."

"होय की. चढाच आहे," ते म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला आणि कारखान्यातल्या टेबलावर बसून म्हणायचे तसं म्हणाले, "पास."